भाकरी, बाजारभाव आणि घरातले शेवटचे ताट



"आज जेवायला काय करायचे?" हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक घरात दिवसातून निदान एकदा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा एकाच व्यक्तीला द्यावे लागते. उत्तर देताना ती गृहिणी मनाशी काय काय तोलीत असते, याची नोंद कोठेच होत नाही. डब्यात पीठ किती उरले आहे, पगाराला किंवा बाजाराच्या दिवसाला किती अवकाश आहे, सासऱ्यांना डॉक्टरांनी भात कमी करावयास सांगितले आहे, धाकट्याला बाजरी आवडत नाही, थोरलीची परीक्षा आहे, आणि उद्या एकादशी आहे. या साऱ्या गोष्टी क्षणभरात तोलल्या जातात आणि चुलीवर तवा चढतो.

या तोलण्यात तीन तराजू असतात. पहिला पैशाचा, दुसरा प्रकृतीचा आणि तिसरा नीतीचा. नीती हा शब्द येथे केवळ शाकाहार-मांसाहाराच्या वादापुरता घ्यावयाचा नाही. आपण खातो ते अन्न कोणी पिकविले, त्याला काय मिळाले, त्यासाठी किती पाणी खर्ची पडले, आणि घरी आल्यावर ते कोणाच्या ताटात किती पडले, हे सारे प्रश्न नीतीचेच आहेत. आहारशास्त्रावरील व्याख्यानांत प्रकृतीचा तराजू फार मोठा करून दाखविला जातो, अर्थशास्त्रावरील व्याख्यानांत पैशाचा. घरात मात्र तिन्ही एकाच वेळी हातात धरावे लागतात आणि एकाचे पारडे खाली गेले की दुसऱ्याचे वर जाते. ही ओढाताण कशी होते ते पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या ताटातील सर्वांत परिचित वस्तू घ्यावी हे बरे. ती म्हणजे भाकरी.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना "मिलो" हा शब्द आठवत असेल. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी स्वस्त धान्य दुकानांतून मिळत असे. तिची भाकरी घशाखाली उतरत नाही, अशी तक्रार घरोघरी होती. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना सुकडी वाटली जाई. त्या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. मिळेल ते खावयाचे आणि जगावयाचे, एवढेच हाती होते. त्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ज्याच्या हाती मजुरीचे पैसे आहेत त्यालाच निवड करता येते. ज्याला निवड करता येते त्यालाच आहारातील योग्य-अयोग्य सांगता येते. उपाशी माणसाला आहाराचे नियम शिकविणे हा मोठा अविवेक होय.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळू लागले. कायद्यात भरड धान्याचे नाव पहिल्यापासून होते, परंतु पिशवीत पडले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. परिणामी ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी गव्हाची पोळी सणावारी आणि पाहुण्यांसाठीच होत असे, त्या घरांत ती रोजची झाली. ज्या ज्वारीला एके काळी कदान्न म्हणून नाक मुरडले जाई, ती त्याच घरांत आता विकत आणावी लागते.

आणि ती स्वस्त नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या किमान आधारभूत किमती पाहिल्या तर मालदांडी ज्वारीला क्विंटलला ३,७४९ रुपये, बाजरीला २,७७५ रुपये आणि नाचणीला ४,८८६ रुपये भाव धरला आहे. त्याच वर्षीच्या रब्बी विक्री हंगामासाठी गव्हाचा भाव २,४२५ रुपये होता. दुकानातील भाव याहून वेगळे असतात, पण चढ-उतराची दिशा हीच आहे. गरिबाची समजली जाणारी ज्वारी गव्हापेक्षा दीडपटीने महाग झाली. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर शहरांतील उपाहारगृहांच्या खाद्यपत्रिकेत भाकरी मानाने जाऊन बसली. तिचा मान वाढला यात आनंद आहे. मात्र ज्यांनी तिला इतकी वर्षे जपले, त्यांतील कित्येकांना ती आता जपून खावी लागते.

आता प्रकृतीचा तराजू घेऊ. ज्वारी खाल्ली की सर्व रोग पळतात, अशी एक समजूत अलीकडे पसरली आहे. तिच्याकडे शांतपणे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या कोष्टकांत १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम, तंतुमय पदार्थ सुमारे १० ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम दिले आहे. अख्ख्या गव्हाचे आकडे काय आहेत? प्रथिने साडेदहा ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅमच. म्हणजे चक्कीवर दळलेल्या, कोंड्यासकट गव्हाच्या पोळीत आणि ज्वारीच्या भाकरीत या तीन बाबतींत फारसे अंतर नाही. खरे अंतर आहे ते पांढऱ्या, सडलेल्या तांदळाशी. त्यात लोह पाऊण मिलिग्रॅमही नसते आणि तंतू तीन ग्रॅमच्या आत असतात. मैद्याची गतही फारशी बरी नाही. गव्हातील ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांना ज्वारी हा मोठाच आधार आहे. इतरांच्या बाबतीत भात-मैद्याच्या जागी ज्वारी आली तर लाभ, चक्कीच्या आट्याच्या जागी आली तर लाभ थोडा, असे म्हणावे लागेल.

ज्वारीच्या इतिहासात एक धडा आहे आणि तो विसरला गेला आहे. १९६० च्या सुमारास हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. दख्खनच्या पठारावरील, जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळत असे. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळे चट्टे उठत, पोट बिघडे, मन भ्रमिष्ट होई. ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याशी त्याचा संबंध या संशोधकांनी जोडला. पुढे लोकांच्या आहारात इतर धान्ये, डाळी आणि भाज्या आल्या तसा हा रोग मागे पडला. ज्वारी वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. भाकरीबरोबर ताटात दुसरे काय आहे, यावर भाकरीचा गुण ठरतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. पिठले, आमटी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक जिच्याशेजारी आहे ती भाकरी निराळी, आणि नुसत्या मिठा-मिरचीशी खाल्लेली निराळी.

येथेच पैशाचा तराजू पुन्हा वर येतो. पाच माणसांच्या एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. माणशी दहा किलो धरले तर महिन्याला ५० किलो धान्य लागते. पैकी २५ किलो गहू-तांदूळ शिधापत्रिकेवर मिळतो, उरलेले २५ किलो विकत घ्यावयाचे. ते गहू घ्यावे की ज्वारी? आधारभूत किमतीचाच आधार घेतला तर मालदांडी ज्वारीला किलोमागे १३ रुपये २४ पैसे अधिक पडतात. २५ किलोंचे सुमारे ३३१ रुपये होतात. बाजार बरा असेल तेव्हा एवढ्या पैशांत अडीच किलोंच्या आसपास तूरडाळ येते. आता समजा, प्रकृतीला चांगली म्हणून ज्वारी आणली आणि हातातील पैसे तेवढेच असल्यामुळे डाळ तेवढी कमी केली. १०० ग्रॅम तूरडाळीत प्रथिने साधारण पावणेबावीस ग्रॅम असतात. म्हणजे अडीच किलो डाळीबरोबर अर्ध्या किलोहून अधिक प्रथिने त्या घरातून महिन्याला निघून गेली आणि ज्वारीने ती भरून काढली नाहीत, कारण तिची प्रथिने गव्हापेक्षा काकणभर कमीच आहेत. आरोग्याच्या नावाने केलेल्या या खरेदीत आरोग्याचीच हानी झाली. ज्यांच्या घरी डाळ पातळ होणार नाही, त्यांनी ज्वारी अवश्य आणावी. ज्यांच्या घरी होणार आहे, त्यांनी गहू खाऊन डाळ घट्ट ठेवली तर त्यांना कोणी अडाणी म्हणू नये.

मधला मार्ग बाजरीचा आहे आणि त्याकडे शहरांत अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. वरच्याच किमतींनुसार बाजरी गव्हापेक्षा किलोला साडेतीन रुपयांनी महाग पडते. ज्वारीच्या मानाने हा बोजा फार हलका. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे गहू-ज्वारीच्या दीडपटीहून अधिक. बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू पडते, कारण तिच्यात स्निग्धांश अधिक असतो. म्हणून ती थोडी थोडी दळावी लागते आणि चक्कीवर फेऱ्या वाढतात. बाजरी उष्ण, ती थंडीतच खावी, अशी जुनी धारणाही आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करण्याची रीत आहे. ही रीत एका दिवसापुरती न ठेवता थंडीचे तीन महिने पाळली तरी पुष्कळ झाले.

आता नीतीचा तराजू. रब्बी ज्वारी मंगळवेढे, बार्शी, मोहोळ या पट्ट्यात काळ्या, खोल जमिनीत पेरली जाते. पावसाळ्याच्या अखेरीस पेरणी होते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभे राहते. त्याच जिल्ह्यात कालव्याचे आणि विहिरीचे पाणी पिणारा ऊसही आहे. पाण्याच्या बाबतीत ज्वारीइतके संयमी पीक क्वचितच सापडेल. तिचा कडबा जनावरांना होतो. पुष्कळ शेतकरी धान्यापेक्षा कडब्याच्या भरवशावरच ज्वारी पेरतात, हे शहरातील ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. मालदांडी ज्वारीचे ताट अनेक ठिकाणी मुळासकट उपटून काढावे लागते. दिवसभर ते काम केलेल्या मजुराच्या हाताला रात्री घास धरवत नाही. मजूर मिळत नाही, भाव बेभरवशाचा, म्हणून शेतकरी सोयाबीन, ऊस किंवा हरभऱ्याकडे वळला आणि गेल्या काही दशकांत राज्यातील ज्वारीचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर घटले. तेव्हा ज्वारीचा चढा भाव हा सर्वस्वी ग्राहकावरचा अन्याय आहे असे म्हणता येत नाही. तो भाव खरोखर त्या शेतकऱ्याच्या आणि उपटणाऱ्या मजुराच्या पदरात पडत असेल, तर ज्याला परवडते त्याने तो आनंदाने द्यावा. पडत नसेल, तर चौकशी बाजार समितीत आणि मधल्या साखळीत झाली पाहिजे. गृहिणीच्या डब्यात डोकावून तिचे उत्तर सापडणार नाही.

किमतीचा तराजू एकटाच वापरला तर काय होते, याचे एक कठोर उदाहरण विदर्भाच्या धानपट्ट्यात आहे. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत उभ्या धानात लाख पेरण्याची रीत आहे. लाखेची डाळ, हिलाच लाखोळी किंवा हिंदीत खेसारी म्हणतात, पाण्यावाचून येते, पावसाने दगा दिला तरी येते आणि तिच्यात प्रथिने भरपूर असतात. परंतु महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर तिच्यातील विषारी द्रव्याने पायांतील शक्ती जाते आणि माणूस कायमचा अपंग होतो. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे. मालकाच्या दृष्टीने ती सर्वांत स्वस्त मजुरी होती. १९६१ मध्ये केंद्र शासनाने तिच्या विक्रीस मनाई करणारी तरतूद केली. पुढे कमी विषाचे वाणही निघाले, आणि डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिल्यास विष बरेच कमी होते हेही सिद्ध झाले. अधूनमधून, इतर अन्नाबरोबर लाख खाणारी घरे त्या भागात पिढ्यानपिढ्या सुखरूप आहेत. बाधा झाली ती ज्यांच्यापुढे दुसरे काहीच वाढले गेले नाही त्यांना. डाळ तीच होती, पण एकाने ती निवडली होती आणि दुसऱ्यावर ती लादली गेली होती.

तेलाविषयी थोडक्यात. महाराष्ट्राची जुनी तेले शेंगदाण्याची, करडईची, तिळाची आणि जवसाची. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा असतो. ते स्वस्त असते. मात्र त्यातील जवळजवळ निम्मे स्निग्धांश संपृक्त प्रकारचे असतात, करडईत ते दहांशाहूनही कमी. महाग तेल आणावे की स्वस्त, यावर घरांत वाद होतात. बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम तेल पुरे, असे पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात पूर्वीपासून सांगितलेले आहे. चार माणसांच्या कुटुंबाला या मापाने महिन्याला अडीच-पावणेतीन किलो पुरते. पाच किलोंचा डबा ज्या घरी महिन्यात संपतो, त्या घराला निम्मे तेल कमी करून चांगले तेल त्याच पैशांत घेता येते. तिन्ही तराजू एकाच बाजूला झुकावेत असा हा दुर्मिळ योग आहे, आणि नेमका हाच मार्ग भज्यांच्या आणि फरसाणाच्या आवडीमुळे कोणी धरीत नाही!

अंड्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात आणि ज्या ब-१२ जीवनसत्त्वासाठी धान्ये व भाज्या उपयोगी पडत नाहीत तेही मिळते. दुसरीकडे, अंडे न खाणे हा अनेक कुटुंबांचा श्रद्धेचा भाग आहे आणि कोंबड्यांना अरुंद पिंजऱ्यांत ठेवण्याच्या पद्धतीबद्दलही विचारी माणसे अस्वस्थ आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबवून ती बाब लोकसहभागावर सोपविण्यात आली. या निर्णयांवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. एक गोष्ट मात्र त्या चर्चेत मागे पडली. ज्या घरात दूध, दही, डाळ आणि शेंगदाणे रोज आहेत, त्या घरच्या मुलाला अंडे न मिळाल्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्या डब्यात नुसता भात आहे, त्याच्या दृष्टीने आठवड्याचे ते एक अंडे फार मोठे असते. स्वतःच्या ताटापुरता नियम करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या ताटाचा नियम करताना मात्र त्या ताटात दुसरे काय आहे हे आधी पाहावे. फळ चांगलेच, पण केळ्यात जेमतेम एक-दीड ग्रॅम प्रथिने असतात. अंड्याऐवजी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे दिले तर तो बदल अधिक बरोबरीचा होईल.

मुलांचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक. केंद्र शासनाच्या २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील घरखर्चापैकी धान्यावरचा खर्च ५ टक्क्यांच्या आत आला, आणि पेये, तयार व प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवरचा खर्च ९.६ टक्क्यांवर गेला. शहरांत तो १०.६ टक्के होता. धान्य स्वस्त झाल्याने हाती राहिलेला पैसा कोठे गेला, याचा अंदाज यावरून करता येतो. पाच रुपयांचा पुडा रडणाऱ्या मुलाला क्षणात गप्प करतो आणि कामावरून थकून आलेल्या आईला ते हवेच असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र पुड्यातील मैदा, साखर आणि पामतेल यांची बेरीज केली, तर त्याच पाच रुपयांचे भाजलेले शेंगदाणे त्याहून कितीतरी मोलाचे ठरतात. फुटाण्यांची पुडी शाळेच्या दारात पूर्वी मिळत असे. ती पुन्हा तेथे आणणे फारसे कठीण नसावे. गावोगावच्या महिला बचत गटांनी मनावर घेतले तर एका हंगामात होण्यासारखे काम आहे.

आतापर्यंत घर हे एकच ताट आहे असे धरून हिशेब झाला. वस्तुतः घरात पाच ताटे असतात आणि ती सारखी नसतात. पुरुष आणि मुले आधी जेवतात, आल्यागेल्याला वाढले जाते आणि शेवटी करणारी जेवायला बसते. तोवर घट्ट वरण वरच्या वर वाढून संपलेले असते. तळाशी पातळ आमटी उरते, भाजीचे एक-दोन चमचे, आणि सकाळची शिळी भाकरी टाकवत नाही म्हणून तिच्याच वाट्याला येते. याचा हिशेब कोणत्याही बाजारभावात दिसत नाही, तो रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. देशभराचा आकडा स्त्रियांत ५७ टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के आहे. मासिक पाळी आणि बाळंतपणे यांमुळे स्त्रीला लोह अधिक लागते हे खरे. पण ज्याला अधिक लागते त्यालाच शेवटी वाढले जाते, हेही तितकेच खरे आहे. धान्य विनामूल्य मिळू लागल्याने हा क्रम आपोआप बदलत नाही.

या बाबतीत करता येण्याजोगे उपाय खर्चाचे नाहीत. धान्यातील आणि पालेभाजीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते; त्याच घासाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू असला तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा उलट काम करतो. चहा सोडा, असा उपदेश महाराष्ट्रात कोणी ऐकणार नाही. तो जेवणानंतर तासभराने घ्यावा, एवढे ऐकले तरी चालेल. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांच्या सहकार्याने "धनशक्ती" हा अधिक लोहाचा बाजरीचा वाण तयार झाला. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी महाराष्ट्रातील निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना दिवसातून दोन वेळा सहा महिने देऊन पाहण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या शरीरातील लोहाची स्थिती सुधारल्याचे दिसले. गोळी नाही, औषध नाही. बाजरीच, फक्त बी निवडून घेतलेले. बियाणे घेताना त्या वाणाची चौकशी शेतकऱ्याला करता येईल. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. ज्यांना डॉक्टरांनी त्या दिल्या आहेत त्यांनी त्या भाकरीच्या भरवशावर बंद करू नयेत.

राहता राहिला पंगतीचा क्रम. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तरच खरी, असा पुष्कळ पुरुषांचा आग्रह असतो आणि तो आग्रह करणारी चुलीपासून हलू शकत नाही. काही घरांत अलीकडे निराळी रीत पडू लागली आहे. साऱ्या भाकऱ्या आधी थापून फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवतात, डाळीचे पातेले मध्ये येते, आणि सासू, सून, मुलगे, मुली एकदमच बसतात. भाकरी थोडी निवते. आमटीत कुस्करल्यावर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.